होडीवरचा फ्रिज: आधी पेटी, मग वायर, शेवटी कॉम्प्रेसर

बोटीवर फ्रिज बसवायचं ठरलं की पहिली चौकशी मशीनची होते. कुठल्या कंपनीचं, केवढ्याला, किती थंड करतं? खरं तर मशीन हा या कामातला सगळ्यात सरळ भाग आहे. काम फसतं ते बहुतेक तीन ठिकाणी: पेटीचं इन्सुलेशन पातळ पडतं, वायर बारीक पडते, नाहीतर कॉम्प्रेसरला हवा मिळत नाही. या तिन्ही गोष्टी बसवणाऱ्याच्या हातात असतात, आणि मशीन विकणारा त्यातलं काहीच बघायला येत नाही.

इथली सगळी मापं कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावरच्या हवेसाठी आहेत. परदेशी माहितीपत्रकातला विजेचा खर्च बऱ्याचदा २०-२५ अंशांच्या हवेत मोजलेला असतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये केबिनमध्ये ३४-३५ अंश सहज होतात, त्यामुळे तो आकडा इथे लागू पडत नाही. लेख ७० ते १०० लिटरच्या पेटीबद्दल आहे: शिडाच्या नौकेवरची, छोट्या मोटरबोटीवरची, किंवा मासेमारीच्या बोटीवर खलाशांचं दूध, भाजी, पाणी आणि औषधं ठेवायची.

पकडलेल्या मासळीसाठी असा फ्रिज घ्यायचा विचार असेल तर तो आधी सोडून द्या. १०० किलो मासळी २८ अंशांवरून शून्यावर आणायला साधारण १०,००० किलोज्यूल उष्णता काढावी लागते. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल ओढतो, म्हणजे हे काम ३० किलो बर्फ करतो. खणाच्या भिंतींतून येणाऱ्या उष्णतेसाठी लागणारा बर्फ वेगळा. तेवढंच काम बॅटरीवरच्या छोट्या कॉम्प्रेसरला दिलं तर दीड दिवसाहून जास्त वेळ लागेल आणि तोवर मासळी टाकायच्या लायकीची झालेली असेल. मासळीला बर्फच.

कोणता प्रकार घ्यायचा

घरचा फ्रिज इन्व्हर्टरवर चालवणं किनाऱ्याच्या विजेवर ठीक असतं, पण समुद्रात इन्व्हर्टर स्वतःच रात्रंदिवस बॅटरी खात राहतो आणि कॉम्प्रेसर सुरू होतानाचा झटका छोट्या इन्व्हर्टरला पेलत नाही. पेल्टियरवर (करंट दिला की एका बाजूने थंड होणारी चकती) चालणारे स्वस्त ‘कूलर बॉक्स’ बाहेरच्या तापमानाच्या जेमतेम १८-२० अंश खाली जातात. बाहेर ३४ असेल तर आत १५, म्हणजे दूध नासणारच, आणि ४-५ अँपिअर करंट न थांबता जातो. गॅसच्या ज्योतीवर चालणारा अॅब्सॉर्प्शन फ्रिज सपाट जागेवरच नीट चालतो. शिवाय बंद केबिनमध्ये उघडी ज्योत कोणी ठेवू नये.

उरतो तो १२/२४ व्होल्टवर थेट चालणारा कॉम्प्रेसर. यातला सगळ्यात जास्त दिसणारा म्हणजे सेकॉप कंपनीचा बीडी-३५ किंवा त्याहून थोडा मोठा बीडी-५०. सेकॉप हा आधी डॅनफॉसचा भाग होता आणि २०१० मध्ये वेगळा झाला, म्हणून जुन्या मशीनवर डॅनफॉसचं नाव दिसेल. आयसोथर्म, व्हिट्रिफ्रिगो, डोमेटिक अशा नावांच्या अनेक बोट-फ्रिजांच्या पोटात हेच कॉम्प्रेसर असतात. पुढची तांत्रिक मापं याच कॉम्प्रेसरची आहेत.

तयार फ्रिज घ्यायचा की पेटी बांधून त्यात किट (कॉम्प्रेसर, कंडेन्सर आणि पेटीत थंड होणारी प्लेट) बसवायचं? जागा चौकोनी आणि मोकळी असेल तर तयार फ्रिज सोपा. पण समोर दार असलेल्या फ्रिजची भिंत पातळ असते, आणि दार उघडलं की थंड हवा खाली सांडून जाते. वरून झाकण असलेल्या पेटीत ती आतच राहते. वीज मोजून वापरायची असेल तर वरून उघडणारी पेटीच बांधा. किट घेताना ‘प्री-चार्ज्ड’, म्हणजे गॅस आधीच भरलेलं आणि आपोआप बंद होणाऱ्या कपलिंगचं (नळ्यांच्या जोडाचं) घ्या. त्यात व्हॅक्यूम पंप लागत नाही, झाळणं लागत नाही.

गॅस कोणता तेही मशीनवरच्या माहितीच्या पट्टीवर वाचून घ्या. आर-१३४ए पेट घेत नाही. आर-६००ए आणि आर-२९० ज्वलनशील आहेत आणि हवेपेक्षा जड, म्हणजे गळती झाली तर गॅस बिल्जमध्ये (बोटीच्या तळाच्या पोकळीत) जाऊन बसतो. असं मशीन बंद खालच्या खणात लावू नये.

उष्णतेचा हिशोब

कागदावर दहा मिनिटांचं काम आहे, पण हे केल्याशिवाय बॅटरी किंवा सोलर घेऊ नका. समजा पेटीचं आतलं माप ४५ × ४५ × ४० सेंटीमीटर, म्हणजे ८१ लिटर. भोवती ७५ मिलिमीटर पफ (पॉलियुरेथेनचा कडक फोम). भिंतीच्या मध्यावर मोजलं तर क्षेत्रफळ सुमारे १.५५ चौरस मीटर येतं. कोरड्या पफची उष्णतावाहकता ०.०२५ वॅट प्रति मीटर प्रति अंश धरू. बाहेर ३४, आत ५, फरक २९.

१.५५ × ०.०२५ ÷ ०.०७५ × २९ = साधारण १५ वॅट. चोवीस तासांत ३६० वॅट-तास.

त्यात रोज सहा किलो गरम सामान आत जातं (मुख्यतः पाण्याच्या बाटल्या), ते ३२ वरून ५ अंशांवर आणायला १९० वॅट-तास. झाकण उघडणं आणि फटी यांचे ८० धरा. एकूण ६३०. हा कॉम्प्रेसर आपल्या हवेत एक युनिट विजेत सुमारे १.३ युनिट उष्णता बाहेर टाकतो असं धरलं, तर वीज लागेल ४८५ वॅट-तास, म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीतून (प्रत्यक्षात १२.५ व्होल्ट धरून) रोज ३९ अँपिअर-तास.

आता फक्त एक आकडा बदला: पफ ७५ ऐवजी २५ मिलिमीटर. खर्च ७० अँपिअर-तासांवर जातो. पेटी तीच, कॉम्प्रेसर तोच. वाचलेल्या ५० मिलिमीटर जागेसाठी रोज ३१ अँपिअर-तास मोजायचे.

३९ अँपिअर-तास रोज लागणार असतील तर लेड-अॅसिड बॅटरी १५० अँपिअर-तासांची हवी, कारण ती निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. एवढ्यात ऊन नसताना दीड-दोन दिवस निघतात. सोलरसाठी दिवसाचं साडेचार तास पूर्ण ऊन आणि ३० टक्के घट धरा. ४८५ ÷ (४.५ × ०.७) म्हणजे १५४ वॅट येतात, तेव्हा १६० ते २०० वॅटचं पॅनेल घ्या. त्यावर डोलकाठीची किंवा दोरखंडाची सावली पडत असेल तर हा हिशोब कोलमडतो.

पेटी

फ्रिजसाठी चारही बाजूंनी ७५ मिलिमीटर हे किमान, १०० असेल तर उत्तम. तळाला आणि इंजिनरूमकडच्या भिंतीला जास्त द्या. फ्रीझर करायचा असेल तर १०० ते १५० मिलिमीटर. पफ पत्रे घेताना घनता ३५ ते ४० किलो प्रति घनमीटर मागा. शीतगृहांच्या पॅनेलमुळे हा माल मिळणं अवघड नाही. थर्मोकोल स्वस्त पडतो, पण त्याच जाडीत कमी अडवतो आणि कालांतराने पाणी पितो.

पत्रे दोन थरांत लावा आणि वरच्या थराचे जोड खालच्या थराच्या जोडांवर येऊ देऊ नका. एकाच ७५ च्या पत्र्याऐवजी ४० आणि ३५ असे दोन. फटी फोमच्या कॅनने भरा, पण पूर्ण भिंत कॅनच्या फोमने भरायचा मोह टाळा, कारण तो पुरेसा घट्ट नसतो आणि ओलावा धरतो. दोन द्रव मिसळून ओतायचा फोम वापरणार असाल तर थोडा थोडा ओता, वर हवा जायला भोकं ठेवा आणि आतल्या पेटीला लाकडी टेकू द्या. फुगताना त्याचा दाब एवढा असतो की फायबरची भिंत आत वाकते. त्याच्या वाफा आणि शिंतोडे घातक आहेत, म्हणून हातमोजे, चष्मा, मास्क आणि उघडी हॅच.

ओलावा नेहमी गरम बाजूकडून थंड बाजूकडे जातो. त्यामुळे बाष्परोधक थर पेटीच्या बाहेरच्या, म्हणजे गरम बाजूला हवा. जाड अॅल्युमिनियम फॉइल, जोडांवर फॉइल टेप. हा थर आतल्या बाजूला लावण्याची चूक सर्रास होते. मग आर्द्र हवा पफमध्ये शिरते, आत पाणी होतं, आणि दोन-तीन पावसाळ्यांत पफ भिजून जड होतो. जुन्या बर्फाच्या पेटीत किट बसवणार असाल तर आधी एका कोपऱ्यात १० मिलिमीटरचं भोक पाडून आतला पफ काढून बघा. दाबल्यावर पाणी निघालं तर पेटी नवीन बांधा, सुकवण्याच्या भानगडीत पडू नका.

आतलं अस्तर फायबरचं करताना एक गोष्ट जपा. पॉलिस्टर रेझीन थर्मोकोल आणि एक्सपीएस (थर्मोकोलच्याच जातीचा घट्ट फोम) दोन्ही विरघळवतं, पफला मात्र काही करत नाही. फोम कोणता आहे याची खात्री नसेल तर इपॉक्सी वापरा किंवा तुकड्यावर थेंब टाकून बघा.

झाकणही तेवढंच जाड हवं. बहुतेक पेट्यांत भिंती ७५ च्या आणि झाकण २० मिलिमीटर प्लायवूडचं असतं, मग सगळी थंडी तिथून जाते. झाकणाला पायरी देऊन दोन ठिकाणी रबरी गॅसकेट लावा. कागदाची पट्टी झाकणात अडकवून ओढा. ती सहज सुटली तर तिथे फट आहे.

पाणी काढायला तळाला भोक ठेवायचंच असेल तर त्याला बूच लावा किंवा नळीला यू-आकाराचा वळसा द्या, नाहीतर थंड हवा तिथून पाण्यासारखी वाहून जाते. ती नळी बिल्जमध्ये सोडू नका. दुधा-मासळीच्या पाण्याचा वास केबिनभर होतो, आणि लाकडी बोटीत गोडं पाणी साचलं की फळ्या कुजतात. एखादी बाटली किंवा डबा खाली ठेवून तो रिकामा करत जा.

कॉम्प्रेसरची जागा

पेटीतली उष्णता आणि कॉम्प्रेसरने खाल्लेली वीज, दोन्ही मिळून कंडेन्सरमधून (उष्णता हवेत सोडणाऱ्या पात्यांच्या भागातून) बाहेर पडतात. बंद कपाटात ती तिथेच फिरत राहते, कपाट ४५-५० अंशांवर जातं आणि मशीन सतत चालू राहतं. कॉम्प्रेसरभोवतीची हवा ४३ अंशांच्या वर जायला नको. म्हणून इंजिनरूम बाद.

थंड हवा आत यायला खाली एक जाळी आणि गरम हवा बाहेर जायला वर दुसरी, प्रत्येकी किमान १५० ते २०० चौरस सेंटीमीटर मोकळी जागा. जाळीच्या पट्ट्या जागा खातात, म्हणून प्रत्यक्ष भोक त्याहून मोठं ठेवा. पंखा हवा कुठून ओढतो ते कागद धरून बघा आणि बाहेर फेकलेली हवा फिरून त्याच्याच तोंडाशी येत नाही ना, ते तपासा. बर्थखालची हवा बहुधा केबिनच्या छतापेक्षा थंड असते, शक्य असेल तर तिथून ओढा.

कॉम्प्रेसर पायांवर उभाच बसवा. प्रवासात ३० अंशांपर्यंत कलला तरी चालतो, पण आडवा बसवलेला चालत नाही. वाहतुकीत आडवा झाला असेल तर सुरू करण्याआधी काही तास उभा ठेवा, तेल खाली उतरू द्या. पेट्रोलची टाकी किंवा गॅस सिलिंडर असलेल्या खणात तो नको, चार्ज होताना हायड्रोजन सोडणाऱ्या बॅटरीच्या बंद पेटीतही नको. भरतीच्या लाटेत पाणी शिंपडतं अशा जागी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल (कॉम्प्रेसर चालवणारं सर्किट) एका मोसमात हिरवं होतं.

समुद्राच्या पाण्याने थंड होणारे कंडेन्सरही मिळतात. युरोपात १५ अंशांच्या पाण्यात त्यांचा मोठा फायदा होतो. आपलं पाणी २८-३० अंश, खाड्यांत गाळ, आणि नळीच्या तोंडावर शिंपले आणि बार्नेकल काही आठवड्यांत धरतात. पहिल्या फ्रिजला हवेवरचाच कंडेन्सर बरा.

प्लेट आणि नळ्या

१. प्लेट पेटीत जितकी वर बसेल तितकी वर बसवा. थंड हवा आपोआप खाली उतरते. भिंतीपासून नायलॉनच्या ठोकळ्यांवर १०-१५ मिलिमीटर पुढे ठेवा. स्क्रू फक्त दिलेल्या भोकांतूनच. प्लेटमध्ये नवीन भोक पाडलं आणि ते गॅसच्या वाटेत आलं की प्लेट भंगारात.

२. नळीसाठी भिंतीत कपलिंग जाईल एवढं भोक पाडा (बहुधा ४०-५० मिलिमीटर लागतं, पण आधी कपलिंग मोजा). भोकात पीव्हीसी पाईपचा तुकडा घालून त्याच्या बाहेरची कड सील करा, म्हणजे कापलेल्या पफमध्ये ओलावा शिरणार नाही.

३. तांब्याची नळी हळूहळू, डब्यावर किंवा बाटलीवर टेकवून वळवा. चिमटली तर आतला बारीक कॅपिलरी मार्ग बंद होतो आणि प्लेट बदलण्याशिवाय उपाय राहत नाही. उरलेली नळी कापायची नाही. मोठ्या आडव्या वेटोळ्यात गुंडाळून बांधून टाका.

४. कपलिंगची टोपणं अगदी शेवटच्या क्षणी काढा. आतलं तेल हवेतला ओलावा फार पटकन ओढतं. ओ-रिंगवर मशीनसोबत दिलेल्या किंवा कॉम्प्रेसरच्या तेलाचा एक थेंब लावा. आधी हाताने आटे नीट बसवा, मग दोन पाने घ्या: एकाने नळीकडची बाजू धरून ठेवायची, दुसऱ्याने नट फिरवायचा. एकाच पान्याने फिरवलं तर नळी पिळते. थोडा ‘फिस्’ आवाज येईल. तो येताच थांबू नका, एका दमात शेवटपर्यंत घट्ट करा. अर्धवट अवस्थेत गॅस गळतो.

५. साबणाचा दाट फेस लावून पाच मिनिटं बुडबुडे बघा. मग फेस गोड्या पाण्याने पुसा.

६. पेटीबाहेरच्या परतीच्या नळीवर एसीवाले वापरतात ती काळी नायट्राइल रबराची नळी चढवा. ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेत हवेचा दवबिंदू २६ अंशांच्या आसपास असतो, त्यामुळे उघड्या नळीवरून पाणी टपकतच राहतं.

७. थर्मोस्टॅटच्या बारीक नळीचं टोक, किमान १० सेंटीमीटर, दिलेल्या क्लिपने प्लेटला घट्ट चिकटवा. हे टोक लोंबतं राहिलं तर फ्रिज थांबतच नाही आणि भाजी गोठते.

वायरिंग

इथे बचत केली की पुढची सगळी कटकट ‘मशीन खराब’ या नावाने येते. इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल सुरू होताना करंट उसळतो. वायर बारीक असेल तर त्याच क्षणी मॉड्यूलशी व्होल्टेज कोसळतं, ते स्वतःला बंद करतं आणि थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करतं. बॅटरीवर मीटर लावला तर १२.४ दिसतं, म्हणून दोष कॉम्प्रेसरवर जातो.

१२ व्होल्टवर बॅटरीपासून मॉड्यूलपर्यंतच्या एका बाजूच्या अंतरानुसार वायर अशी: २.५ मीटरपर्यंत २.५ चौरस मिलिमीटर, ४ मीटरपर्यंत ४, ६ मीटरपर्यंत ६, १० मीटरपर्यंत १०. २४ व्होल्टवर त्याच वायरला दुप्पट अंतर चालतं. गणित करून बघा. पाच मीटर अंतर, जाऊन-येऊन दहा मीटर, दीड चौरस मिलिमीटरची घरगुती वायर, पाच अँपिअर करंट: वाटेतच ०.५८ व्होल्ट गेले. सहाच्या वायरमध्ये जेमतेम ०.१५ जातात.

वायर टिन चढवलेल्या तांब्याची, अनेक तारांची घ्या. घरच्या वायरचं साधं तांबं खाऱ्या हवेत आवरणाच्या आतून काळं पडत जातं. लग (वायरच्या टोकाचं धातूचं टोपण) क्रिंप करा, म्हणजे दाबून बसवा, आणि वर आतून गोंद असलेली उष्णतेने आकसणारी नळी चढवा. पिळून टेप लावलेला जोड चालणार नाही.

पॉझिटिव्ह वायर बॅटरीपासून थेट, बॅटरीजवळच फ्यूज: १२ व्होल्टला १५ अँपिअर, २४ ला ७.५. त्याच लाइनवर दिवे, पंप, व्हीएचएफ रेडिओ काही जोडू नका. निगेटिव्ह बॅटरीच्या बसबारवर (निगेटिव्ह वायर एकत्र येतात त्या पट्टीवर), इंजिनच्या बॉडीवर नको. इंजिन सुरू करायची बॅटरी फ्रिजला द्यायची नाही.

मासेमारीच्या बोटींवर दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये लावून २४ व्होल्ट केलेले असतात आणि त्यातल्या एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढायची पद्धत पडलेली आहे. ती बॅटरी कायम अर्धी राहते, दुसरी जास्त चार्ज होऊन उकळते आणि दोन्ही लवकर मरतात. बीडी-३५ चं १२/२४ चं मॉड्यूल दोन्ही व्होल्टेज ओळखतं, त्याला सरळ २४ द्या. बॅटरी न जोडता नुसत्या चार्जरवर मात्र ते चालवू नका.

कॉम्प्रेसरचा वेग थर्मोस्टॅटच्या लाइनमधल्या रेझिस्टरवर ठरतो. काहीच नसेल तर मिनिटाला २,००० फेरे, सुमारे १,५०० ओहम लावले तर ३,५००. नवख्या माणसाला वाटतं वेगात थंडावा. पण पेटी चांगली असेल तर २,००० वरच ठेवा, कारण वेग वाढला की प्रत्येक अँपिअरमागे मिळणारा थंडावा कमी होतो.

बॅटरी वाचवायला मॉड्यूल १२ व्होल्टच्या व्यवस्थेत १०.४ ला बंद होतं आणि ११.७ ला परत सुरू होतं. लेड-अॅसिडसाठी १०.४ फार खाली आहे, तोवर बॅटरी जवळपास रिकामी झालेली असते. ‘सी’ आणि ‘पी’ या टर्मिनलमध्ये रेझिस्टर लावून ही मर्यादा ११.३ पर्यंत वर नेता येते. किंमत मॉड्यूलच्या तक्त्यात दिलेली असते.

आणि हे विसरू नका: ‘प्लस’ आणि ‘डी’ टर्मिनलमध्ये १० मिलिअँपिअरचा एक एलईडी जोडून तो दिसेल अशा जागी आणा. बिघाड झाला की मशीन त्यातूनच बोलतं.

पहिल्यांदा सुरू करताना

पेटी रिकामी ठेवून सुरू करा. पाच-दहा मिनिटांत प्लेटवर दव, मग पांढरा थर दिसायला लागतो, कंडेन्सर कोमट होतो. तासा-दीड तासात थर पूर्ण प्लेटवर सारखा पसरलेला हवा. मॉड्यूलच्या टर्मिनलवर, मशीन चालू असताना, व्होल्टेज मोजा. बॅटरीपेक्षा ०.३ व्होल्टहून जास्त फरक असेल तर जोड आणि वायर पुन्हा बघा. हे आकडे तारखेसह झाकणाच्या आत चिकटवा. वर्षभराने तुलनेला दुसरं काही नसतं.

गरम सामान पहिल्याच दिवशी ठासून भरू नका. किनाऱ्याची वीज किंवा इंजिन चालू असताना थंड करून घ्या, मग बॅटरीवर या. मधल्या फटीत पाण्याच्या बाटल्या ठेवल्या की पेटी रात्रभर तापमान धरते.

बिघाड ओळखणं

एलईडी दर चार सेकंदांनी ठरावीक वेळा लुकलुकतो.

एकदा: व्होल्टेज कमी. दहातल्या बहुतेक वेळा हाच, आणि कारण वायर, फ्यूजहोल्डर किंवा थकलेली बॅटरी.

दोनदा: पंखा जास्त करंट ओढतोय. पंखा जाम किंवा शॉर्ट. पंख्याची वायर काढली आणि कॉम्प्रेसर सुरू झाला तर पंखा बदला, पण पंख्याशिवाय चालवत राहू नका.

तीनदा: मोटर सुरू होत नाही. बंद करून लगेच चालू केलं तर नळ्यांतला दाब समान झालेला नसतो आणि हे दिसतं. पाच-दहा मिनिटं थांबा. तरीही तेच, तर तज्ज्ञाकडे.

चारदा: मोटर किमान वेग धरू शकत नाही. भार जास्त. हवा आणि कंडेन्सर तपासा.

पाचदा: मॉड्यूल तापलं. वायुवीजन.

दिवा लुकलुकत नाही, मशीन चालतं, पण थंड होत नाही? प्लेटकडे बघा. थर फक्त सुरुवातीच्या कोपऱ्यात असेल, कंडेन्सर गार असेल आणि कॉम्प्रेसर अखंड चालत असेल तर गॅस कमी. पेटीबाहेरच्या परतीच्या नळीवर बर्फ धरत असेल तर गॅस जास्त, म्हणजे कोणीतरी ‘थोडा’ भरलाय. प्लेट पूर्ण पांढरी आणि तरीही सामान गरम असेल तर बर्फाचा थर जाड झालाय किंवा झाकण गळतंय.

गॅस भरण्याबद्दल जरा कडक बोलावं लागेल. या मशीनमध्ये गॅस फार थोडा असतो, वजन मशीनवरच्या माहितीच्या पट्टीवर छापलेलं असतं आणि १०-२० ग्रॅमचा फरकही लगेच जाणवतो. घरच्या एसीच्या सवयीने दाब बघून अंदाजे भरणारा मेकॅनिक हे बिघडवून जातो. आधी गळती शोधायची, ती बंद करायची, व्हॅक्यूम पंपाने ५०० मायक्रॉनच्या (व्हॅक्यूमचं माप) खाली आणून थांबायचं, आकडा स्थिर राहिला तरच इलेक्ट्रॉनिक काट्यावर मोजून भरायचं. ‘दरवर्षी थोडा टॉप-अप’ असं कोणी म्हणालं तर दुसरा माणूस बघा.

देखभाल

प्लेटवर ४-५ मिलिमीटर बर्फ झाला की मशीन बंद करून झाकण उघडं ठेवा आणि आपोआप वितळू द्या. घाई असेल तर कोमट पाण्याचं भांडं आत ठेवा. सुरी, स्क्रूड्रायव्हर, उलथणं यातलं काहीही नको. अॅल्युमिनियमची प्लेट एका टोच्यात फुटते आणि बोटींवरच्या बऱ्याच प्लेटा अशाच गेलेल्या असतात.

महिन्यातून एकदा कंडेन्सरच्या पात्यांवरची धूळ मऊ ब्रशने काढा. मीठ जमलं असेल तर गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा, पाण्याचा फवारा मारू नका. त्याच वेळी टर्मिनल हलवून बघा, हिरवा चट्टा दिसला तर लग कापून नवा लावा. पेटी आतून खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसा. बोटीवर वेल्डिंगचं काम निघालं तर मॉड्यूलच्या वायर आधी सोडा.

सुट्या भागांत दोन १५ अँपिअर फ्यूज, एक पंखा आणि थर्मोस्टॅट एवढं ठेवा. लांबच्या सफरीला जादा मॉड्यूलही घ्या, कारण कॉम्प्रेसरपेक्षा मॉड्यूल आधी जातं. ते बदलायला गॅसला हात लावावा लागत नाही, एक स्क्रू आणि काही क्लिपांचं काम आहे.

पावसाळ्यात, विशेषतः १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारीबंदीत, बोट ओढून ठेवली की फ्यूज काढून घ्या. पेटी धुऊन पूर्ण कोरडी करा आणि झाकण लाकडाच्या तुकड्यावर टेकवून उघडं ठेवा, बंद राहिली तर दोन आठवड्यांत बुरशी. कॉम्प्रेसरवर सुती कापड टाका. प्लास्टिक गुंडाळलं तर दव आतच अडकतं. टर्मिनलवर गंजरोधक फवारा हलका मारा. नारळीपौर्णिमेच्या आसपास बोट पाण्यात उतरवण्याआधी, जमिनीवर असतानाच, एक पूर्ण रात्र फ्रिज चालवून झाकणाच्या आत चिकटवलेल्या आकड्यांशी ताडून बघा. गॅसवाला किंवा इलेक्ट्रिशियन बोलवायचा असेल तर तो बंदरावर तराफ्यातून येण्यापेक्षा किनाऱ्यावर शिडी चढून लवकर येतो.